डबा कधी उघडायचा?

पुण्याहून गुहागरला निघालेली गाडी. पहाटे साडेपाचला घर सोडलेलं, निघण्यापूर्वी दूध-बिस्किटं झालेली. खेड शिवापूरचा टोलनाका यायच्या आत मागच्या सीटवरून आवाज येतो, "आजी, खाऊ." पिशवी आजीच्या मांडीवर तयारच असते. पुढून आई मान वळवते, "अरे, आत्ता तर खाल्लंस ना?" त्यावर आजी म्हणते, "असू दे गं, प्रवासात लागते पोरांना भूक," आणि वेफर्सचं पाकीट फुटतं. कापूरहोळला चिक्की, खंबाटकी चढताना चॉकलेट, साताऱ्याला थांबून इडली-वडा, पुढे शंकरपाळ्या आणि आंब्याच्या पेयाचं खोकं. उंब्रजला वळून गाडी पाटणच्या रस्त्याला लागते तोवर पोरगं किती वेळा खाऊन झालं याचा हिशेब कुणाकडे नसतो. मग कोयनानगर मागे पडतं, कुंभार्ली घाटाची उतरण सुरू होते आणि चौथ्या-पाचव्या वळणावर मागून वेगळाच आवाज येतो, "बाबा, गाडी थांबव!"

घाटाचं नाव बदला, ताम्हिणी म्हणा, आंबा म्हणा, फोंडा म्हणा, बाकी गोष्ट तीच राहते. प्रवासाच्या आदल्या रात्री आपल्या घरांत चर्चा होते ती बरोबर काय काय घ्यायचं याची. चिवडा करायचा की विकतचा आणायचा, थेपले की धपाटे, केळी आत्ता घ्यायची की वाटेत. यातलं कधी काय द्यायचं हे मात्र कुणी ठरवत नाही. माझ्या मते गाडीतल्या खाण्याचा सगळा घोळ तिथे आहे. डब्यात काय भरलं यापेक्षा डबा किती वेळा आणि कशासाठी उघडला गेला, यावर मुलाचं पोट, दात आणि पुढच्या सवयी जास्त अवलंबून असतात.

आजीचं म्हणणं आधी तपासून पाहू. प्रवासात भूक जास्त लागते का? पाच वर्षांचं मूल घरी असताना दिवसभर उड्या मारत असतं. गाडीत तेच मूल पट्टा लावून, पाय लोंबकळत, तीन-चार तास एका जागी बसलेलं असतं. त्याची शक्ती खर्च होते ती नेहमीपेक्षा कमी. त्या वयाच्या मुलाला साधारण दोन-तीन तासांनी काहीतरी लागतं हे खरं, कारण पोट लहान असतं. पण दर वीस मिनिटांनी लागतं ती भूक नव्हे. बाहेर एकसारखं दृश्य, आत हलायला जागा नाही, मोठी माणसं आपापल्या गप्पांत आणि नजरेसमोर भरलेली पिशवी. अशा वेळी खाणं हाच एक उद्योग उरतो. मोठी माणसंही हेच करतात, फक्त ती मागत नाहीत, हात घालून घेतात.

ही सवय तशी फार जुनी नाही. महाराष्ट्रात एसटीची पहिली गाडी १ जून १९४८ ला पुण्याहून अहमदनगरला धावली आणि पुढची कित्येक दशकं मराठी मध्यमवर्गाचा कौटुंबिक प्रवास म्हणजे एसटी किंवा रेल्वे. एसटीत बायका-पोरं शिदोरी घेऊन बसायची, पण ती उघडायची गाडी स्टँडात लागली की. कंडक्टर "दहा मिनिटं थांबेल" असं ओरडला की डबा निघायचा. एक तर चालत्या गाडीत डबा सांभाळणं अवघड, आणि शेजारी परका माणूस. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली. १९८५ मध्ये टेट्रापॅकमधली फ्रूटी, नव्वदच्या दशकाच्या मध्यात लेज, १९९९ मध्ये कुरकुरे. २००२ मध्ये मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग पूर्ण सुरू झाला. म्हणजे स्वतःची गाडी, सांडल्याशिवाय एका हाताने खाता येईल असं पाकीट आणि धक्के न बसणारा रस्ता, या सगळ्या गोष्टी वीसेक वर्षांत एकत्र आल्या. आजची चाळिशीतली पिढी ही फुटणाऱ्या पाकिटाच्या आवाजासोबत गाडीत वाढलेली पहिली पिढी. तीच आता पुढच्या सीटवर बसून मागे पाकिटं देते आहे.

लहान मुलाला आपलं पोट कळतं का? तीन वर्षांच्या मुलाला चांगलं कळतं. बार्बरा रोल्स आणि लीन बर्च या अमेरिकी संशोधकांनी २००० साली सहकाऱ्यांसह एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. मुलांना वेगवेगळ्या दिवशी मॅकरोनी-चीजचा लहान, मध्यम आणि मोठं वाढप दिलं. तीन वर्षांच्या मुलांनी ताटात कितीही असलं तरी साधारण तेवढंच खाल्लं. पाच वर्षांच्या मुलांनी मात्र ताटात जास्त होतं तेव्हा जास्त खाल्लं. मधल्या दोन वर्षांत मूल पोटाऐवजी ताटाकडे बघायला शिकतं. आता गाडीतलं ताट कसं असतं पाहा. वेफर्सचं 'फॅमिली पॅक' अख्खं हातात. त्याला तळ आहे, पण तो दिसत नाही.

त्यात मोबाइल आला की हिशेबच सुटतो. एरिक रॉबिन्सन आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये लक्ष दुसरीकडे असताना खाण्याबद्दलचे तोवरचे प्रयोग एकत्र तपासले. टीव्ही वगैरे बघत खाणारी माणसं त्या वेळी जास्त खातात, आणि नंतरच्या जेवणात आणखी जास्त खातात असं दिसलं. आपण काय खाल्लं याची आठवण मनात नीट उमटत नाही, म्हणून पुढच्या भुकेला लगाम बसत नाही. हे प्रयोग मुख्यतः मोठ्या माणसांवरचे होते, पण कार्टून बघत कुरकुरे खाणाऱ्या पोराचं वेगळं होत असेल असं मानायला काही कारण दिसत नाही.

इथे एक सावधगिरीची सूचना. खाण्याच्या सवयींवरचं सगळंच संशोधन डोळे मिटून घ्यावं असं नाही. कॉर्नेल विद्यापीठातले ब्रायन वान्सिंक या विषयातले एके काळचे सगळ्यांत गाजलेले प्राध्यापक. ताट लहान घ्या, फळाला कार्टूनचं चित्र चिकटवा, अशा त्यांच्या युक्त्या जगभरच्या मासिकांत छापून आल्या. आकडेवारीत गडबड असल्याचं उघड झालं, २०१८ मध्ये एका नामांकित वैद्यकीय नियतकालिक-समूहाने त्यांचे सहा निबंध एकदम मागे घेतले आणि विद्यापीठाने गैरप्रकार झाल्याचं जाहीर केलं. तेव्हा व्हॉट्सअ‍ॅपवर 'शास्त्रज्ञ सांगतात' म्हणून आलेली युक्ती निदान दोनदा वाचावी.

बर्चबाईंचं काम मात्र टिकून आहे आणि आपल्या विषयाला थेट लागू पडणारं आहे. १९८० मध्ये त्यांनी दाखवलं की एखादा पदार्थ बक्षीस म्हणून किंवा मोठ्यांच्या कौतुकासोबत दिला, तर मुलांना तो आधीपेक्षा जास्त आवडायला लागतो आणि ही वाढलेली आवड पुढे टिकते. "रडला नाहीस तर चॉकलेट" हे वाक्य चॉकलेटची जाहिरातच करतं. उलट बाजूही त्यांनी तपासली. १९९९ मध्ये जेनिफर फिशर यांच्यासोबत केलेल्या प्रयोगात मुलांसमोर खाऊ ठेवला, पण खायची परवानगी थोडाच वेळ दिली. मुलांचं लक्ष, बोलणं, मागणी सगळं त्या खाऊभोवती फिरायला लागलं. म्हणून गाडीत "वेफर्स अजिबात मिळणार नाहीत" असं बजावून पाकीट डोळ्यांसमोर डॅशबोर्डवर ठेवणं हा सगळ्यांत वाईट मार्ग. धड बंदी नाही, धड परवानगी नाही, नुसता छळ.

ब्रिटनमधल्या जॅकी ब्लिसेट यांनी २०१० मध्ये तीन ते पाच वर्षांच्या मुलांचं निरीक्षण केलं. मूल चिडलं, कंटाळलं, रडलं की खाऊ देऊन शांत करायची सवय ज्या आयांना होती, त्यांची मुलं पोट भरलेलं असतानाही समोर आलेली बिस्किटं जास्त खात होती. गाडी ही तर कंटाळ्याचीच खोली. तिथे आपण मुलाला पुन्हा पुन्हा शिकवतो की कंटाळ्यावर औषध तोंडात घालायचं असतं.

साखरेबद्दलचा एक समज मात्र काढून टाकायला हवा. "चॉकलेट दिलं की अंगात येतं याच्या" असं म्हणणारे आईबाप गाडीत हमखास असतात. मार्क वोलरायख यांनी १९९५ मध्ये तोवरच्या काटेकोर चाचण्या एकत्र तपासल्या, तेव्हा साखरेने मुलांच्या वागण्यावर परिणाम होतो याला आधार मिळाला नाही. त्याच्या आदल्या वर्षीचा एक प्रयोग तर मजेदार आहे. पाच ते सात वर्षांच्या मुलांना साखर नसलेलं गोड पेय दिलं आणि काही आयांना सांगितलं की त्यात भरपूर साखर आहे. त्या आयांना आपला मुलगा जास्त धुडगूस घालतोय असं वाटलं, आणि त्या त्याच्यावर जास्त टीका करत, जास्त लक्ष ठेवत राहिल्या. गाडीत पोरगं उड्या मारतं ते चार तास बसवून ठेवल्यामुळे.

साखरेचा खरा त्रास दुसरीकडे आहे. जागतिक आरोग्य संघटना म्हणते की वरून घातलेली साखर दिवसाच्या उष्मांकाच्या दहा टक्क्यांच्या आत आणि जमल्यास पाच टक्क्यांच्या आत असावी. चार ते सहा वर्षांच्या मुलाला दिवसाला तेराशे-चौदाशे कॅलरी लागतात असं धरलं, तर पाच टक्के म्हणजे सतरा ग्रॅमच्या आसपास, चार छोटे चमचे. आंब्याच्या गोड पेयाचं छोटं खोकं तेवढ्यावर आलेलंच असतं. पाकिटामागचा तक्ता वाचा, चष्मा लावून वाचा.

आणि दात. स्वीडनमध्ये व्हिपेहोल्म नावाच्या मनोरुग्णालयात १९४५ नंतरची काही वर्षं रुग्णांना मुद्दाम वेगवेगळ्या प्रकारे गोड खायला घालून दात किती किडतात ते पाहिलं गेलं. ज्यांना संमती देता येत नव्हती अशा माणसांवर हा प्रयोग झाला, म्हणून तो आज लाजिरवाणा मानला जातो, आणि तो आहेच. पण त्यातून दिसलेली गोष्ट दंतवैद्यक अजून सांगतं. एकूण साखर किती खाल्ली यापेक्षा ती किती वेळा खाल्ली आणि दाताला किती वेळ चिकटून राहिली, यावर कीड जास्त अवलंबून असते. जेवणासोबत खाल्लेल्या साखरेने नुकसान कमी, दोन जेवणांच्या मध्ये दिवसभर चघळलेल्या चिकट टॉफीने जबर. पुढे स्वीडनमध्ये मुलांना गोळ्या-चॉकलेटं फक्त शनिवारी द्यायची प्रथा पडली, ती अजून बऱ्याच घरांत चालते. तोंडात गोड गेलं की जिवाणू आम्ल तयार करतात आणि लाळेला ते निवळायला अर्धा-पाऊण तास लागतो. दर वीस मिनिटांनी एक गोळी दिली तर पुणे ते गुहागर दाताला सवड मिळतच नाही. तेवढ्याच गोळ्या साताऱ्याला एकदम खाल्ल्या आणि चूळ भरली तर परवडलं.

आता घाट. आपल्याकडे कुठेही जायचं म्हटलं तरी सह्याद्री आडवा येतोच, म्हणून याला जास्त जागा द्यायला हवी.

गाडी लागते ती पोटामुळे नव्हे, कानामुळे. आतल्या कानात तीन अर्धवर्तुळाकार नलिका आणि दोन छोट्या पिशव्या असतात. डोकं कुठे वळतंय, शरीर कुठे ढकललं जातंय, हे त्या मेंदूला कळवतात. घाटात कान सांगतो की आपण डावीकडे वळलो, उजवीकडे वळलो, खाली गेलो. मागच्या सीटवर बुडून बसलेल्या मुलाच्या डोळ्यांना मात्र पुढच्या सीटची पाठ दिसते आणि ती जागची हलत नाही. मोबाइल बघत असेल तर आणखीच. दोन साक्षीदारांचं जमत नाही आणि मेंदू गोंधळतो. पण त्यावर उलटी का व्हावी? मिशेल ट्रीझमन यांनी १९७७ मध्ये एक कल्पना मांडली. निसर्गात असा गोंधळ बहुतेक वेळा विष पोटात गेल्यावर होतो, म्हणून मेंदू पोट रिकामं करायचा हुकूम देतो. कल्पना सर्वांना मान्य आहे असं नाही, पण अजून तिच्याइतकं चटकन पटणारं उत्तर कुणी दिलेलं नाही.

दोन वर्षांखालच्या मुलांना गाडी सहसा लागत नाही. सहा ते बारा हे वय सगळ्यांत त्रासाचं, पुढे बहुतेकांचं ते आपोआप कमी होतं. म्हणजे जे वय मागच्या सीटवर बसून खाऊ मागायचं, तेच गाडी लागायचं.

पोटाचा संबंध इथे येतो. भरलेलं, तेलकट पोट सावकाश रिकामं होतं. साताऱ्याला बटाटेवडा आणि वर ग्लासभर दूध घेऊन दीड-दोन तासांत कुंभार्लीत शिरणं म्हणजे संकटाला आमंत्रण. अगदी रिकाम्या पोटीही मळमळतं, म्हणून "उलटी होते ना, मग काहीच खाऊ नकोस" हा उपायही फसतो. घाटाच्या तासभर आधी थोडंसं, कोरडं, कमी तेलाचं खाल्लेलं बरं. साधी पोळी, मुरमुरे, राजगिऱ्याची वडी, अर्धं केळं. मग मुलाला समोरचा रस्ता दिसेल असं बसवावं, काच थोडी खाली करावी, मोबाइल काढून घ्यावा. आलेपाकाला आपल्याकडे जुना मान आहे. १९८२ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये फिरत्या खुर्चीचा एक प्रयोग छापून आला होता, त्यात आल्याच्या पुडीने चांगला आधार दिला. नंतरच्या प्रयोगांत निकाल एकसारखे आले नाहीत. तेव्हा वडी द्यायला हरकत नाही, भरवसा ठेवू नये. गोळ्यांच्या बाबतीत मात्र हलगर्जी नको. गाडी लागू नये म्हणून सर्रास घेतलं जाणारं प्रोमेथाझिन दोन वर्षांखालच्या मुलाला कधीच द्यायचं नसतं, श्वास मंदावण्याचा धोका असतो. मोठ्या मुलालाही मोठ्यांच्या गोळीचा तुकडा अंदाजाने मोडून देऊ नये, डॉक्टरांना वजन सांगून मात्रा विचारावी.

उलटीचा आणखी एक परिणाम होतो, त्याची बहुतेकांना कल्पना नसते. जॉन गार्सिया या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९५५ मध्ये दाखवलं की उंदरांनी गोड पाणी प्यायल्यावर त्यांना किरणोत्साराने आजारी पाडलं, तर ते पुढे गोड पाण्याला तोंड लावत नाहीत. आजाराचा पाण्याशी काही संबंध नव्हता, पण शरीराने तो जोडला. १९७८ मध्ये इलीन बर्नस्टाइन यांनी कर्करोगावर उपचार घेणाऱ्या मुलांमध्ये हेच पाहिलं. मळमळ आणणाऱ्या औषधाच्या आधी अनोख्या चवीचं आइस्क्रीम खाल्लेली मुलं नंतर तेच आइस्क्रीम नाकारत होती. आपल्या ओळखीत एखादा तरी माणूस असतो जो शिरा खात नाही, नाहीतर लिमलेटच्या गोळीच्या वासाने तोंड फिरवतो. खोदून विचारलं तर लहानपणीचा एखादा घाट निघतो. नव्या चवीचा पदार्थ या सापळ्यात लवकर अडकतो. म्हणून मुलाला काही नवं खायला शिकवायचं असेल, तर घाटाआधीचा तास टाळा.

डब्यात काय असावं, याचं ज्ञान आपल्या आज्यांकडे मुबलक होतं. जिवाणूंना वाढायला मोकळं पाणी लागतं. चिवडा, भडंग, चकली, शंकरपाळ्या, चिक्की यांत ते उरलेलंच नसतं, म्हणून मे महिन्यातल्या गाडीतही ती बिघडत नाहीत. गूळपोळी आठवडाभर सहज टिकते. दशमी पाण्याऐवजी दुधात मळायची, त्यामुळे ती सोवळ्यातही चालायची आणि मऊही राहायची. धपाटे, तिखटमिठाच्या पुऱ्या एक दिवस उत्तम निभावतात. काळजी घ्यायची ती ओल्या पदार्थांची. ५ ते ६० अंश सेल्सिअस या पट्ट्यात जिवाणू झपाट्याने वाढतात. असा पदार्थ बाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये, हवा ३२ अंशांच्या वर असेल तर एकच तास, असा सर्वसाधारण नियम आहे. दहीभात, लिंबूभात, उकडलेल्या बटाट्याची भाजी, अंडी, पनीर सगळं यात आलं. भाताला तर खास धोका आहे. बॅसिलस सिरियस नावाच्या जिवाणूचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत, आणि भात कोमट राहिला की ते जागे होतात. नंतर गरम केलं तरी त्यांनी सोडलेलं विष नाहीसं होईलच असं नाही.

गाडी उन्हात उभी केली की आतलं तापमान पहिल्या अर्ध्या तासातच बहुतेक चढून जातं, काच बोटभर उघडी ठेवून फारसा फरक पडत नाही. हॉटेलात जेवायला उतरताना ओला डबा बरोबर घ्या. मूल झोपलंय म्हणून त्याला गाडीत ठेवून उतरणं तर कधीच नको, पाच मिनिटांसाठीसुद्धा.

चालत्या गाडीत न खाण्याचं सगळ्यांत गंभीर कारण वेगळंच आहे. शेंगदाणे, फुटाणे, अख्खी द्राक्षं, गोल गोळ्या, पॉपकॉर्न. चार वर्षांखालच्या मुलाला यातलं काहीच द्यायचं नसतं, घरीही नाही. त्याला दाढा पुरत्या आलेल्या नसतात आणि गिळण्यावर ताबा कच्चा असतो. त्यात मान मागे टेकलेली, हसणं-ओरडणं चालू आणि खड्ड्यात गाडी आदळली, की दाणा अन्ननलिकेऐवजी श्वासनलिकेत जातो. घरी शेजारी कुणीतरी असतं. गाडीत मागे मूल एकटं असेल तर गुदमरणाऱ्या मुलाचा आवाज येत नाही, हे लक्षात ठेवा. ठसका मोठ्याने लागत असेल तर खोकू द्या. आवाजच फुटत नसेल तर गाडी बाजूला घ्या, वर्षावरच्या मुलाला पुढे वाकवून पाठीवर दोन खांद्यांच्या मध्ये पाच जोरदार थापा, मग पोटावर वर-आत असे पाच दाब, वस्तू निघेपर्यंत आलटून पालटून. वर्षाखालच्या बाळाच्या पोटावर दाबायचं नाही, छातीवर दाब द्यायचे. दुसऱ्याने तोवर १०८ लावायचा. हे वाचून येत नाही, कुणाकडून तरी एकदा करून शिकून घ्यावं. दाण्याचा तुकडा कधी कधी फुप्फुसात जाऊन बसतो आणि लक्षणं दोन-चार दिवसांनी दिसतात. प्रवासाहून आल्यावर मूल घरघरायला लागलं तर डॉक्टरांना "गाडीत दाणे खाताना ठसका लागला होता" हे आवर्जून सांगा. आणि चालवणाऱ्याने मागे वळून पाकीट द्यायचं नाही. ताशी १०० किलोमीटरने गाडी एका सेकंदात जवळपास २८ मीटर पुढे जाते.

पाण्याबद्दल आपण उलटं वागतो. खाऊ देताना हात सैल आणि पाणी देताना आखडता. "आत्ता पाणी पिऊ नकोस, मध्ये कुठे जायची सोय नाही," हे मुलींना जरा जास्तच ऐकायला मिळतं. सोय नसते हे खरं आहे, आणि राज्यातल्या महामार्गांवर स्वच्छ स्वच्छतागृहं नसणं ही शरमेचीच बाब आहे. पण कमी पाणी, मैद्याचे पदार्थ, दाबून धरलेली शी आणि तासन् तास बसणं, हे सगळं जमलं की दुसऱ्या दिवशी मुलाचं पोट दुखतं आणि आपण दोष "बाहेरच्या खाण्याला" देतो. उपाय पाणी कमी करणं नव्हे, थांबे वाढवणं.

थांब्याचा एक साधा नियम केला तर वर लिहिलेल्यातलं बरंचसं आपोआप जागेवर येतं. चालत्या गाडीत फक्त पाणी. खाणं गाडी थांबल्यावर, खाली उतरून. दर दोन तासांनी थांबावं, मुलाला आधी पळू द्यावं, मग डबा उघडावा. एलिन सॅटर या अमेरिकी आहारतज्ज्ञ बाईंची एक वाटणी प्रसिद्ध आहे. काय, कधी आणि कुठे खायचं ते मोठ्यांनी ठरवायचं. त्यातलं खायचं की नाही आणि किती, ते मुलाने. गाडीसाठी हे फार सोयीचं आहे. मुलाला त्याचा स्वतःचा छोटा डबा द्या, त्यात दोन घास गोडाचेही असू द्यात, आणि त्याने सगळं संपवलं काय, अर्धं टाकलं काय, बोलू नका. वेफर्स हवेच असतील तर तेही डब्यात ओतून घ्या, पाकीट हातात नको. कोकणात मे महिन्यात वाटेवर पानाच्या द्रोणात करवंदं, जांभळं मिळतात. थांबा, धुवा, खाऊ घाला. ती चव मुलाला चालत्या गाडीत कधी कळणार नाही.

पोरं तक्रार करतील का? पहिल्या एक-दोन प्रवासांत करतील. तेव्हा आजीकडून पिशवी काढून घ्या आणि तिला दुसरं काम द्या, कारण तिला नातवाला काहीतरी द्यायचंच असतं. गावांच्या नावांच्या भेंड्या तिच्याइतक्या कुणालाच येत नाहीत. गाड्यांच्या पाट्या वाचायचा खेळ पाच वर्षांच्या मुलालाही जमतो. एमएच १२ पुणे, ११ सातारा, ५० कराड, ०८ रत्नागिरी. पाटी वाचायची तर बाहेर बघावं लागतं, आणि बाहेर बघितलं की मळमळही कमी होते.

नियम मोडायचे प्रसंगही येतात. शनिवारी सकाळी खंडाळ्यात गाड्यांच्या रांगा लागलेल्या असतात. गणपतीत मुंबई-गोवा महामार्गावर काय होतं ते कोकणातल्या माणसाला सांगायला नको. त्या रस्त्याचं रुंदीकरण २०११ पासून चालू आहे. समृद्धीसारख्या ७०१ किलोमीटरच्या रस्त्यावर पुढचं खाण्याचं ठिकाण किती लांब आहे, याचा अंदाज चुकू शकतो. अशा वेळी दोन-तीन तास गाडी हलली नाही आणि मुलाला खरंच भूक लागली, तर उभ्या गाडीत खाऊ घालायला काहीच हरकत नाही. त्यासाठी पुढच्या कप्प्यात अडीअडचणीचं वेगळं ठेवावं. राजगिऱ्याचे लाडू, खजूर, पाण्याची जादा बाटली. मोठ्या पिशवीला तेव्हाही हात लावू नये.

ती मोठी पिशवी निघतानाच डिकीत टाका, मागच्या सीटवर नको. पुढच्या प्रवासात बाकी काही नाही जमलं तरी एवढं करून बघा.